प्रक्षेप, पाठभेद आणि 'डूम'

पाठचिकित्सेचा तास आम्ही दोघे मिळून घेतो. प्रक्षेपाची व्याख्या सांगून झाली की आमची गाडी ठरल्याप्रमाणे ज्ञानेश्वरीकडे वळते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये असा इशाराही देऊन ठेवला, एवढे सांगितले की विषय विद्यार्थ्यांच्या ध्यानात येतो. गेल्या वर्षी नेमक्या याच ठिकाणी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग काउंटर-स्ट्राइक हा हाफ-लाइफमधला प्रक्षेप म्हणायचा का?" वर्गात हशा पिकला. आम्हांला मात्र हसू आले नाही. एम.ए.च्या दिवसांत वसतिगृहातील चार संगणक एकमेकांना जोडून हाच खेळ आम्ही पहाटेपर्यंत खेळलेलो आहोत आणि त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न तेव्हा एकदाही आमच्या मनाला शिवला नव्हता. कृतीइतकेच कर्त्याचे नावही महत्त्वाचे मानणाऱ्या विद्याशाखेत आम्ही शिकत होतो, हे आठवून आता थोडी शरमही वाटते.

त्या दिवशी दिलेले उत्तर गुळमुळीत होते. ते नीट देण्याचा हा प्रयत्न.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. यांना फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात. आपल्या परिभाषेत प्रथमपुरुषी नेमबाजी म्हणता येईल. नायक पडद्यावर दिसत नाही, दिसतो तो फक्त त्याचा हात आणि हातातले शस्त्र. जग आपल्याला त्याच्या डोळ्यांतून दिसते, म्हणजे आपण ज्याला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतो त्याचाच हा दृश्य अवतार. अशा खेळाचे दोन भाग असतात. एक इंजिन, म्हणजे जग रेखाटणारी, हालचाल आणि टक्कर यांचे गणित सांभाळणारी यंत्रणा. दुसरा भाग सामग्रीचा: नकाशे, चित्रे, आवाज, शत्रू. नाट्यगृह आणि नाटक यांत जो भेद आहे तोच येथे आहे. खेळाच्या चाहत्याने ही सामग्री, किंवा कधीकधी खेळाचे नियमच, बदलून जे नवे रचले त्याला मॉड म्हणतात.

सर्व कथा या भेदापाशीच सुरू होते. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीचा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' हा खेळ १९९२ साली आला. त्यात नाझी सैनिकांशी लढायचे होते. काही काळातच कोणा चाहत्याने एका शत्रूच्या जागी लहान मुलांच्या कार्यक्रमातला बार्नी नावाचा जांभळा डायनोसॉर आणून बसवला. कंपनीचे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांना ही आगळीक मनापासून आवडली. अडचण एकच होती: असा बदल करायचा तर मूळ फायलींवरच लिहावे लागे आणि मूळ पाठ नष्ट होई. म्हणून पुढच्या खेळात, म्हणजे 'डूम'मध्ये, कारमॅक यांनी सर्व सामग्री इंजिनापासून तोडून वेगळ्या फायलीत ठेवली. या फायलींना वॉड म्हणतात. चाहत्याची वॉड फाइल मूळ फायलीच्या वर चढवली जाते, जेथे तिच्यात काही असेल तेथे ते दिसते, नसेल तेथे मूळचे दिसते, आणि तिच्याविना खेळ सुरू केला की मूळ पाठ जसाच्या तसा परत हजर. संहितेला धक्का न लावता पाठभेद! हस्तलिखितांच्या संपादकाने ज्याचे केवळ स्वप्न पाहावे अशी ही सोय होती. बाहेरच्यांच्या हाती एवढे देऊन टाकणे कंपनीतील सर्वांनाच रुचले होते असे नाही. तरी ते झाले.

'डूम' १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवरून प्रसृत झाला. पहिला खंड फुकट, उरलेले दोन विकत. जानेवारी १९९४ मध्येच न्यूझीलंडमधील ब्रेंडन वायबर यांनी नकाशे रचण्याचे साधन तयार करून फुकट वाटले. बेल्जियमच्या राफाएल किने यांनी त्यात मोठी भर घातली. या मंडळींना कंपनीने रचना समजावून दिली नव्हती, त्यांनी ती फायलींची चिरफाड करून शोधून काढली. त्याच वर्षाअखेर जस्टिन फिशर यांचे 'एलियन्स टीसी' आले. १९८६ सालच्या 'एलियन्स' या चित्रपटाच्या आधारे त्यांनी डूमचे सारे रूपच पालटले होते. त्याच्या पहिल्या लेव्हलमध्ये एकही शत्रू नाही. रिकाम्या खोल्या, आवाज, आणि काहीतरी येईल या धास्तीने बंदुकीवर घट्ट बसलेला आपला हात. मूळ डूम दार उघडताच अंगावर धावून येतो. वाट पाहायला लावण्यात अधिक भय असते, हे त्याच्या एका वाचकाने ओळखले होते. होय, वाचकाने. दुसरा शब्द आम्हांला सुचत नाही.

आता या मूळ पाठाकडेच जरा निरखून पाहावे. डूमचा आरंभीचा आराखडा टॉम हॉल यांचा. 'डूम बायबल' या नावाने त्यांनी पात्रे, स्थळे आणि कथानक असलेला सविस्तर दस्तऐवज सिद्ध केला होता. कारमॅक यांचे म्हणणे वेगळे होते. अशा खेळात गोष्ट असावी अशी अपेक्षा असते, पण ती महत्त्वाची नसते, या आशयाचे त्यांचे उद्गार पुढे गाजले. ओढाताण वाढली, आराखड्यातील बहुतेक भाग गळून पडला, आणि १९९३ च्या ऑगस्टमध्ये, खेळ बाहेर पडण्यापूर्वी चार महिने, हॉल कंपनीबाहेर पडले. त्यांनी अर्धवट ठेवलेल्या कित्येक लेव्हल सँडी पीटरसन या नव्याने आलेल्या रचनाकाराने बदलून, वाढवून पुऱ्या केल्या. दुसऱ्या खंडात फिरताना कोणती भिंत हॉल यांची आणि कोणती पीटरसन यांची, हे खेळात कोठेही लिहिलेले नाही. दोन हात एकाच नावाखाली एकजीव झाले आहेत. तेव्हा प्रक्षेप शोधायचाच असेल, तर तो चाहत्यांच्या वॉडमध्ये न शोधता या अधिकृत, विकल्या गेलेल्या पाठात शोधावा, असे आता आम्हांला वाटू लागले आहे. प्रक्षेपकर्ता स्वतःचे नाव लपवून मूळ कर्त्याच्या नावावर लिहितो. मॉड करणारा तर आपले नाव अगदी आग्रहाने लिहितो.

'क्वेक'ची कथा याहून दारुण आहे. जॉन रोमेरो यांच्या मनात मध्ययुगीन वातावरणातला, प्रचंड हातोडा घेऊन फिरणाऱ्या वीराचा खेळ होता. कारमॅक यांचे नवे, खऱ्या अर्थाने त्रिमितीय इंजिन तयार होण्यास फार काळ लागला आणि तोवर रचनाकारांनी जे मांडावे ते मोडावे लागत होते. १९९५ च्या अखेरीस थकलेल्या मंडळींनी ठरवले की हातोडा बाजूला ठेवावा आणि डूमसारखाच बंदुकांचा खेळ करावा. चार रचनाकार, चार खंड, चार वृत्ती. एकीकडे लष्करी तळ, दुसरीकडे किल्ले आणि भुयारे, आणि त्यांना जोडणारे सयुक्तिक असे काही नाही. २२ जून १९९६ रोजी खेळ आला आणि ऑगस्टमध्ये रोमेरो कंपनीतून गेले. क्वेक खेळताना ते सांधे स्पष्ट जाणवतात. आमच्या मते तो महान खेळ आहे, पण एकसंध कृती नव्हे.

मात्र या विसंवादी घरातूनच चाहत्यांसाठी सर्वांत मोठे दार उघडले. खेळाचे नियम क्वेकसी नावाच्या छोट्या भाषेत लिहिलेले होते आणि ती भाषा सर्वांना खुली होती. डूममध्ये चाहत्याला प्रामुख्याने स्थळे आणि पात्रांचे रूप बदलता येत होते, येथे व्याकरणच हाती आले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉगली यांनी 'टीम फोर्ट्रेस' केला: दोन संघ, प्रत्येक खेळाडूची वेगळी भूमिका, वैद्य, हेर, अभियंता. एकट्या वीराच्या खेळातून सांघिक खेळ निघाला.

येथून सूत्र व्हॉल्व्ह या कंपनीकडे जाते. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी ती १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात काढली आणि क्वेकचे इंजिन परवान्याने घेतले. 'हाफ-लाइफ' १९९७ च्या अखेरीस यायचा होता. मुदत जवळ आली तेव्हा मंडळींनी हातातला खेळ तपासला आणि तो चांगला नाही, असे स्वतःशी कबूल केले. केन बर्डवेल यांनी १९९९ साली लिहिलेल्या लेखात ही हकीकत तपशिलाने आहे आणि आमच्या मते कोणत्याही सर्जनप्रक्रियेच्या अभ्यासकाने ती वाचावी. जे जे रंजक जमले होते ते एकाच लेव्हलमध्ये एकत्र आणले, ती खेळून पाहिली, आणि तिच्या मापाने उरलेला खेळ जवळजवळ नव्याने रचला. त्यासाठी वेगवेगळ्या विभागांतील माणसांचे एक लहान मंडळ नियमितपणे बसून एकत्र रचना करू लागले. मार्क लेडलॉ हे कादंबरीकार या कंपनीत लेखक होते. नायक खेळभर एक शब्द बोलत नाही आणि दृष्टिकोन त्याच्या डोळ्यांतून सहसा सुटत नाही; प्रथमपुरुषी निवेदनाची एवढी शिस्त पाळणाऱ्या कादंबऱ्याही थोड्याच असतील. नोव्हेंबर १९९८ मध्ये हा खेळ आला. तत्पूर्वीच व्हॉल्व्हने वॉकर आणि कुक यांना नोकरीवर घेतले होते.

या हाफ-लाइफवर, कॅनडात शिकणाऱ्या मिन्ह ले या विद्यार्थ्याने जेस क्लिफ यांच्या साथीने काउंटर-स्ट्राइक रचला. जून १९९९ मध्ये त्याचा पहिला चाचणीपाठ फुकट वाटला गेला. कथा नाही, नायक नाही, परग्रहावरचे प्राणी नाहीत; दहशतवादी आणि पोलीस अशा दोन बाजू, आणि मेलात तर फेरी संपेपर्यंत गप्प बसून पाहायचे. मूळ खेळातील भाषा घेऊन त्याच्या आशयाशी पूर्ण फारकत! पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने तो विकत घेतला आणि नोव्हेंबर २००० मध्ये दुकानांत आणला. आमच्या वसतिगृहात तो कोणत्या मार्गाने पोहोचला हे विचारू नये. विकत घेतलेला नव्हता एवढे खरे.

त्या वसतिगृहात सर्वाधिक खेळला गेलेला नकाशा म्हणजे डस्ट. पिवळसर भिंती, कमानी, वाळू, लाकडी खोकी. तो रचला डेव्ह जॉन्स्टन या विशीही न गाठलेल्या इंग्रज मुलाने. त्याला प्रेरणा कोठून मिळाली, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. व्हॉल्व्ह तेव्हा 'टीम फोर्ट्रेस २' घडवत होती आणि त्या खेळाची वाळवंटी गावाची काही चित्रे प्रसिद्ध झाली होती. ती पाहून या मुलाने आपले गाव रचले. टीम फोर्ट्रेस २ चा तो आराखडा पुढे रद्द झाला. वारंवार नव्याने मांडणी होऊन तो खेळ अखेर ऑक्टोबर २००७ मध्ये आला तेव्हा त्याचे रूप व्यंगचित्रासारखे झालेले होते. चित्रांतले ते मूळ वाळवंट कधीच खेळायला मिळाले नाही. म्हणजे जो ग्रंथ लिहिलाच गेला नाही त्याचे एक अवतरण दुसऱ्याच ग्रंथात राहिले, आणि ते मात्र जगभर पाठ झाले. लुप्त ग्रंथ अशा अवतरणांतूनच आपल्याला कळतात, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. तसे एक अवतरण आपण रात्रंदिवस तुडवीत होतो, हे तेव्हा कळले नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आयडी सोडल्यावर रोमेरो यांनी डॅलसमध्ये टॉम हॉल आणि इतरांसह आयन स्टॉर्म ही कंपनी काढली आणि 'दायकाताना' हाती घेतला. १९९७ च्या नाताळात येणारा खेळ मे २००० मध्ये आला. मधल्या काळात वाचकांना उद्दाम भाषेत आव्हान देणारी एक जाहिरात झाली, क्वेक २ चे इंजिन घेण्यासाठी केलेले काम पुन्हा करावे लागले, आणि १९९८ मध्ये संघातील आठ माणसे एकदम निघून गेली. खेळात नायकासोबत दोन साथीदार चालतात. ते दारात अडकतात, वाटेत मरतात, आणि ते मेले की आपण हरतो. पुढे चाहत्यांनी केलेल्या दुरुस्तीपाठात साथीदारांविनाच खेळण्याची सोय आहे. कठोर संपादन आहे, पण योग्य आहे. 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' तर दंतकथाच झाला. १९९७ च्या एप्रिलमध्ये घोषणा, १९९८ मध्ये इंजिन बदल, मग वर्षामागून वर्षे 'होईल तेव्हा येईल' हे एकच उत्तर, मे २००९ मध्ये संघाची बोळवण, आणि शेवटी दुसऱ्या कंपनीच्या हातून जून २०११ मध्ये प्रकाशन. आलेला खेळ कोणाच्याच मनात भरला नाही. मे २०२२ मध्ये त्याची २००१ सालची अपुरी बांधणी बाहेर फुटली आणि चाहत्यांनी तिच्या जीर्णोद्धाराचा उद्योग लगोलग आरंभला. प्रकाशित पाठापेक्षा टाकून दिलेल्या खर्ड्यावर लोभ अधिक. या लोभाबद्दल आम्ही थोडे साशंक आहोत. अपूर्ण कृतीत आपण आपली इच्छाच वाचत असतो.

शिवाय चाहते या रोगापासून मुक्त असतात असेही नाही. हाफ-लाइफचा शेवटचा, परग्रहावरचा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो, ही जुनी तक्रार. 'ब्लॅक मेसा' या नावाने चाहत्यांनी सारा खेळ नव्या इंजिनावर पुन्हा रचायला घेतला. २०१२ मध्ये तो आला तेव्हा नेमका तोच भाग त्यात नव्हता. संपूर्ण पाठ यायला मार्च २०२० उजाडला. मूळ कर्त्यांना जेवढा वेळ लागला होता त्याच्या कितीतरी पट वेळ घेऊन.

आणि पैशांचे काय? १९९५ च्या आसपास चाहत्यांच्या शेकडो डूम लेव्हल गोळा करून 'डी!झोन' नावाने सीडीवर विकल्या गेल्या. रचणाऱ्यांच्या पदरी काही पडले नाही. टीमटीएनटी या चाहत्यांच्या गटाचा 'इव्हिल्यूशन' हा संच फुकट वाटला जाणार होता. आयडीने तो ऐनवेळी विकत घेतला आणि कसाली बंधूंच्या संचाबरोबर १९९६ मध्ये 'फायनल डूम' म्हणून विकला. वाट पाहणाऱ्यांपैकी अनेकांना हा विश्वासघात वाटला. आम्हांला दोन्ही बाजू पटतात: ज्यांनी रात्री जागवल्या त्यांना मोबदला मिळाला हे बरेच झाले, आणि जे सर्वांना फुकट मिळायचे होते ते गेले हेही खरे. डारिओ कसाली पुढे व्हॉल्व्हमध्ये गेले आणि हाफ-लाइफच्या रचनेत सहभागी झाले. अशी दारे मोजक्यांनाच उघडली. उरलेल्या हजारोंचे श्रम कंपन्यांच्या खेळांना आयुष्य देत राहिले, त्यांचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

डूमचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला आणि दोन वर्षांनी मुक्त परवान्याखाली आला. त्यामुळे नाटकाबरोबर नाट्यगृहही चाहत्यांचे झाले. त्याचे फळ म्हणून मार्च २०२३ मध्ये आलेली 'मायहाऊस' ही वॉड आम्ही वर्गात दाखवावी म्हणतो. मृत मित्राच्या जुन्या फ्लॉपीवर सापडलेला, त्याच्या स्मरणार्थ नीटनेटका करून दिलेला एका साध्या घराचा नकाशा, असे तिचे प्रास्ताविक. घर खरेच साधे आहे. मग दुसऱ्या फेरीला कोठेतरी दार वाढलेले असते, खोली बाहेरून दिसते त्याहून आतून मोठी होते, संगीत किंचित बिघडते. मार्क डॅनिएलेव्स्की यांच्या 'हाउस ऑफ लीव्ह्ज' या २००० सालच्या कादंबरीचे ऋण त्यात उघड आहे. अविश्वसनीय निवेदकाची इतकी चांगली ओळख करून देणारे उदाहरण आम्हांला अलीकडे दुसरे मिळालेले नाही. रोमेरो स्वतःही मे २०१९ मध्ये 'सिजिल' हा डूमचा नवा खंड घेऊन परतले, तेही वॉड फाइल करूनच, इतर कोणाही चाहत्यासारखे. चाहत्यांच्या वॉड वर्षानुवर्षे ज्या रांगेत उभ्या आहेत तीत मूळ कर्ताही येऊन उभा राहिला.

राहता राहिला विद्यार्थ्याचा प्रश्न. वॉड फाइलबरोबर एक छोटी मजकुराची फाइल देण्याची प्रथा १९९४ च्या सुमारास रूढ झाली, ती अद्याप चालू आहे. तिचा साचा ठरलेला. नाव, कर्ता, आभार, कोणत्या साधनाने रचले, किती वेळ लागला, कोणते दोष ठाऊक आहेत. त्यात एक रकाना आधाराचा असतो: ही रचना संपूर्ण नवी, की कोणाच्या तरी रचनेवरून केलेली? आणि शेवटी परवानगी: पुढच्या रचनाकारांनी हिच्या आधारे नवी रचना करावी, किंवा करू नये. आपल्या पोथ्यांच्या अखेरीस येणारी पुष्पिका लेखनिकाचे नाव, शक आणि स्थळ सांगते, चुकले तर क्षमा मागते. आधार कोणता आणि पुढे कोणी हात लावावा का, हे इतक्या सरळपणे विचारणारी पुष्पिका आम्ही पाहिलेली नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही अशा साठ-सत्तर फायली उतरवून आणायला सांगितल्या. पुढच्या आठवड्यात तो त्यांच्या छापील प्रती घेऊन आला. आधाराच्या रकान्यापुढे पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या, आणि एके ठिकाणी कर्त्याने परवानगी नाकारली असूनही पुढच्या वर्षी कोणीतरी तीच लेव्हल वाढवली आहे, हे त्याने दोन प्रती शेजारी ठेवून आम्हांला दाखवले.